निविदेआधीचा साक्षीदार

सह्याद्रीच्या माथ्यावर रिते झालेले ढग ज्या मुलखावरून केवळ सावली टाकीत पुढे निघून जातात, त्या नगर जिल्ह्याच्या, म्हणजे शासनदरबारी आता अहिल्यानगर म्हणविल्या जाणाऱ्या जिल्ह्याच्या, दक्षिण भागात कर्जत तालुका वसलेला आहे. दक्षिणेस सिद्धटेकाशी भीमा आणि पूर्वेच्या अंगास सीना अशा दोन नद्या त्याच्या कडेने वाहत असल्या, तरी मधल्या माळरानास त्यांचा लाभ बेताचाच. आणि कुकडीच्या डाव्या कालव्याचे आवर्तन वरच्या तालुक्यांची तहान भागवून शेपटाकडे पोहोचेपर्यंत पाण्यापेक्षा तंटेच अधिक वाहून आलेले असतात. अशा तालुक्यात सरकार हे केवळ सारा वसूल करणारे व कायदा सांगणारे सरकार राहत नाही. ते तेथले सर्वांत मोठे गिऱ्हाईक होऊन बसते. उन्हाळ्यात ते टँकरच्या खेपा विकत घेते, दुष्काळात जनावरांचा चारा विकत घेते, आणि बारमाही खडी, डांबर, जलवाहिन्या, अंगणवाडीतील लेकरांचा खाऊ व शाळेतील बाके विकत घेत असते. एखाद्या व्यापाऱ्याने डोळे मिटून माल घेतला तर त्याची पेढी बुडते. सरकारने तसा घेतला तर सरकारचे काहीच बुडत नाही, कोरडे राहते ते वस्तीवरचे पिंप.

म्हणूनच सरकारी खरेदीची सचोटी हा विषय मुंबईतील सचिवांनी व सनदी लेखापालांनी आपसांत चघळण्याचा आहे, अशी जी एक समजूत सुशिक्षितांतही आढळते ती आम्हांस मान्य नाही. परदेशांत, विशेषतः ऑस्ट्रेलियात, मोठ्या सरकारी प्रकल्पाच्या खरेदीच्या आरंभापासून अखेरपर्यंत एक स्वतंत्र, त्रयस्थ असा सचोटी-सल्लागार नेमण्याची चाल गेल्या काही दशकांत रूढ झाली आहे. ती चाल आपल्याकडे आणावी काय, आणि आणावयाची तर कर्जतसारख्या तालुक्याच्या दाराशी ती कोणत्या रूपाने यावी, हा या लेखाचा विषय आहे. आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो : असा साक्षीदार हवा, परंतु ज्याच्या व्यवहारावर त्याने नजर ठेवावयाची त्याच्याच हातून त्याची नेमणूक व त्याचे मानधन होणार असेल, तर तो नसलेला बरा.

सरकारी फाईलीचा प्रवास ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांस हे ठाऊक असते की गरज निश्चित होणे, अंदाजपत्रक तयार होणे, प्रशासकीय व तांत्रिक मान्यता मिळणे, निविदेच्या अटी लिहिल्या जाणे, लिफाफे उघडणे, कार्यारंभ आदेश निघणे, मोजमाप पुस्तिकेत नोंदी होणे आणि अखेरीस देयक अदा होणे, एवढे मुक्काम घेत ती फाईल जाते. आणि त्यांतल्या फक्त दोन मुक्कामांवर, म्हणजे लिफाफा उघडण्याच्या आणि पैसे देण्याच्या वेळीच, लोकांचे व वर्तमानपत्रांचे लक्ष असते. खरा घात त्यापूर्वीच होऊन गेलेला असतो. अंदाजपत्रकात एखादी बाब फुगविलेली असते. अथवा ई-निविदेची मर्यादा ओलांडू नये म्हणून एकाच रस्त्याचे तुकडे पाडून तीन कामे केलेली असतात. अथवा अटींमध्येच अशी एखादी निरुपद्रवी दिसणारी ओळ घातलेली असते की तिच्यातून एकच मनुष्य सुखरूप पार व्हावा व बाकीच्यांनी दारातच अडावे. डांबर-प्रकल्प कामाच्या जागेपासून अमुक अंतराच्या आत असल्याचा दाखला, जागेची पाहणी केल्याबद्दल संबंधित अभियंत्याचे प्रमाणपत्र, मागील तीन वर्षांत नेमक्या याच प्रकारचे काम केल्याचा अनुभव, अशा अटी वाचताना दक्षतेच्या वाटतात. परंतु ते प्रमाणपत्र ज्याने द्यावयाचे त्याला अर्जदार नापसंत असेल तर तो जागेवर भेटतच नाही, आणि मुदत उलटून जाते. पंचायत समितीच्या आवाराबाहेरील चहाच्या टपरीवर काम कोणास मिळणार हे लिफाफा उघडण्याच्या आठ दिवस आधी बिनचूक सांगणारी मंडळी प्रत्येक तालुक्यात असतात, आणि त्यांचे भाकीत सहसा चुकत नाही, ते काही ज्योतिषाच्या बळावर नव्हे.

ई-निविदेने पुष्कळ सुधारणा केली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. बांधकाम खात्याच्या कचेरीत निविदेचा कोरा अर्जसुद्धा प्रतिस्पर्ध्यास मिळू नये म्हणून जिन्यात माणसे उभी करण्याचा जो एक काळ होता, तो संगणकाने संपविला. २०१६ च्या डिसेंबरात राज्याच्या उद्योग खात्याने खरेदीची नवी नियमपुस्तिका काढली, त्याच वर्षी केंद्राची ऑनलाइन बाजारपेठ सुरू झाली, आणि पुढे केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत खरेदीच्या सचोटीची संहिताही आली. परंतु यंत्र हे त्यात जी अट घातली जाईल ती निष्पक्षपातीपणे सर्वांस लावते; अटच पक्षपाती असेल, तर तो पक्षपात निष्पक्षपातीपणाने अमलात येतो. महिला व बालविकास खात्याने २०१६ साली अंगणवाड्यांच्या पोषण आहारासाठी काढलेल्या निविदेचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. सुमारे ६,३०० कोटी रुपयांच्या त्या व्यवहारात कागदोपत्री काम महिला बचत गटांसाठी होते. पण कामाचे विभाग मोठे करून व आर्थिक उलाढालीच्या अटी चढवून ठेवल्यामुळे खरेखुरे गट बाहेर फेकले जाऊन बड्या पुरवठादारांस वाट मोकळी होत होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या फेब्रुवारीत ती निविदा रद्द ठरविली आणि नव्याने निविदा काढण्यास फर्माविले. न्याय झाला, यात संशय नाही. परंतु निविदा निघाल्यापासून न्याय होईपर्यंत जी तीन वर्षे गेली, त्यांच्या आरंभी अंगणवाडीत आलेले मूल तोवर शाळेत जाऊ लागले होते. अटींचा तो मसुदा प्रसिद्ध होण्यापूर्वी कोणा त्रयस्थाने एकवार वाचून, ही अट ज्यांच्यासाठी योजना आहे त्यांनाच वगळीत आहे, एवढा एक शेरा मारला असता, तर दिल्लीपर्यंत जाण्याचे कारण पडते ना.

आपल्या राज्यातील देखरेखीची सारी व्यवस्था ही अशी पश्चात्तापाची व्यवस्था आहे. २०१५ साली त्याच खात्याने एका दिवसात चोवीस शासननिर्णय काढून केलेल्या सुमारे २०६ कोटींच्या खरेदीचे जे प्रकरण चिक्कीच्या नावाने गाजले, त्यास वाचा फोडणाऱ्या तक्रारींपैकी एक आमच्याच जिल्ह्यातून गेली होती. नगर जिल्हा परिषदेच्या तत्कालीन अध्यक्षांनी अंगणवाड्यांत आलेल्या चिक्कीत माती असल्याचे आयुक्तांस लेखी कळविले होते. खात्याच्या बाजूने असे सांगण्यात आले की दरकरार हा रूढ व कायदेशीर मार्ग होता आणि मार्चअखेर निधी परत गेला असता. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने पुढे चौकशी करून गैरव्यवहाराचा पुरावा आढळत नसल्याचा निर्वाळा दिला. हा निर्वाळा आम्ही जसाच्या तसा स्वीकारतो, आणि तरीही विचारतो की जो व्यवहार स्वच्छ होता त्याची स्वच्छता सिद्ध करण्यास सुमारे दीड वर्ष का लागावे. खरेदीच्या वेळीच कोणा स्वतंत्र व्यक्तीने दरकराराची कारणे तपासून लेखी मत दिले असते, तर निर्दोष असलेल्यांस त्या मताची ढाल लाभली असती. सचोटीचा साक्षीदार हा चोर पकडण्यासाठी जितका उपयोगी, तितकाच, किंबहुना अधिक, तो प्रामाणिक अधिकाऱ्यास निर्भय करण्यासाठी उपयोगी असतो, ही गोष्ट आपल्या चर्चेत नेहमी निसटते.

चारा छावण्यांचेही असेच झाले. २०१२-१३ च्या दुष्काळातील छावण्यांत जनावरांच्या संख्येपासून चाऱ्याच्या वजनापर्यंत जे घोळ झाले, त्यांची तड उच्च न्यायालयाच्या आदेशाने गुन्हे दाखल होण्यापर्यंत लागली. तेव्हा ज्या जनावरांच्या नावाने अनुदान उचलले गेले ती जनावरे बाजारात जाऊन कैक वर्षे लोटली होती. २०१९ च्या दुष्काळात शासन थोडे शहाणे झाले, जनावरांच्या कानास बिल्ले लावून मोबाईलवर त्यांची नोंद घेण्याची सक्ती झाली, आणि त्या वर्षी मोठ्या जनावरामागे दिवसाला मिळणारे अनुदान नव्वदांवरून शंभर रुपयांवर गेले असताना निदान शिरगणतीस काही आधार निर्माण झाला. परंतु छावणी कोणास मिळावी, संस्थेची पात्रता कोणी ठरवावी, हा मूळ प्रश्न बिल्ल्याने सुटत नाही.

जलयुक्त शिवार अभियानाची कथा याहून बोधप्रद आहे, आणि कर्जतशी तिचा संबंधही जवळचा आहे, कारण त्या अभियानाच्या उत्तरार्धात राज्याचे जलसंधारण खाते सांभाळणारे राम शिंदे हे त्या वेळी कर्जत ज्या मतदारसंघात मोडतो त्याचेच आमदार होते. नऊ हजार सहाशे कोटींहून अधिक रुपये खर्च झाल्यावर भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा अहवाल २०२० साली विधिमंडळापुढे आला, आणि भूजलपातळी वाढविण्याच्या व गावे पाण्याबाबत स्वयंपूर्ण करण्याच्या उद्दिष्टांवर अभियानाचा परिणाम अल्प झाल्याचे त्यात नमूद झाले. तोपर्यंत सरकार बदललेले होते. नव्या सरकारने निवृत्त सनदी अधिकारी विजय कुमार यांची समिती नेमली. पुढे पुन्हा सरकार बदलले आणि अभियानाचा दुसरा टप्पा जाहीर झाला. आता या सर्वांत नाल्याचे खोलीकरण कोठे योग्य झाले आणि कोठे निव्वळ माती उपसून पैसे काढले गेले, हे गावकऱ्यांस समजले काय? त्यांच्या वाट्यास आले ते एवढेच की एका पक्षाच्या हाती अहवाल हे शस्त्र झाले व दुसऱ्याच्या हाती त्याचा इन्कार ही ढाल झाली. उशिरा येणारी तपासणी ही अशीच राजकारणाच्या स्वाधीन होते; व्यवहाराच्या क्षणी केलेली तपासणी त्या मानाने निर्मळ राहू शकते, कारण तेव्हा कोणाचा जय व कोणाचा पराजय हे अजून ठरावयाचे असते.

परदेशी अनुभवाकडे वळताना भाबडेपणा टाळणे जरूर आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स या प्रांतात १९८८ च्या कायद्याने भ्रष्टाचारविरोधी स्वतंत्र आयोग स्थापन झाला, आणि त्या आयोगाने २००५ साली सचोटी-सल्लागारांविषयी जी मार्गदर्शिका काढली तिच्यात उत्साहापेक्षा सावधगिरीचाच सूर अधिक आहे : सल्लागार नेमला म्हणून अधिकाऱ्याची जबाबदारी रेसभरही कमी होत नाही, आणि जेथे आधीच ठरलेल्या निर्णयावर पावित्र्याचे शिंतोडे उडविण्यासाठी त्याला बोलावले जाते तेथे तो बोलावूच नये, असा तिचा एकंदर आशय. आपल्या देशातही या कल्पनेचे एक भावंड पूर्वीच आलेले आहे. बर्लिन येथील ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल या संस्थेने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात पुरस्कारिलेला सचोटी-करार आपल्याकडे प्रथम २००६ साली तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने स्वीकारला, आणि पुढच्याच वर्षी केंद्रीय दक्षता आयोगाने सार्वजनिक उपक्रमांस त्याची शिफारस केली. खरेदी करणारा व विकणारा अशा दोघांनी लाच न देण्याघेण्याचे लेखी वचन द्यावयाचे, आणि ते पाळले जाते की नाही हे पाहण्यास आयोगाच्या संमतीने स्वतंत्र बाह्य निरीक्षक नेमावयाचे, अशी ही रचना आहे.

ही रचना चांगली असूनही तिचे दोन उणेपण डोळ्यांत भरतात. एक तर निरीक्षक बहुधा निवृत्त वरिष्ठ अधिकारी असतात व त्यांचे मानधन खरेदी करणारी संस्थाच देते. त्यांची मती भ्रष्ट होते असे आम्ही म्हणत नाही, परंतु ज्या सेवेत आयुष्य गेले तिच्या अडचणी मनुष्यास नेहमीच समजण्याजोग्या वाटतात. दुसरे असे की हा करार पोलादाच्या व तेलाच्या मोठ्या खरेदीसाठी आहे. मिरजगावच्या रस्त्यापर्यंत, राशीनच्या जलवाहिनीपर्यंत किंवा कर्जतच्या नगर पंचायतीपर्यंत तो उतरत नाही. रक्कम लहान म्हणून सचोटीही लहान चालेल, असा जणू त्यामागे संकेत आहे. वास्तविक लहान गावात ठेकेदार, पुढारी आणि अभियंता यांच्या उठण्याबसण्याचे वर्तुळ इतके आटोपशीर असते की त्रयस्थाची गरज तेथे अधिक असावी.

ज्यांस या साऱ्या कल्पना परक्या वाटतात त्यांनी आपल्याच मुलखाच्या जुन्या कारभाराकडे एकवार पाहावे. पेशवाईत प्रांताचा अंमल मामलेदाराच्या किंवा कमाविसदाराच्या हाती असे. पण त्याच्या कचेरीत दिवाण, मुजुमदार, फडणीस, दप्तरदार, पोतनीस, चिटणीस असे जे दरकदार बसत त्यांची नेमणूक मामलेदाराने केलेली नसे आणि त्यांना दूर करण्याचा अखत्यारही त्याला नसे. ते हुजुरातीशी बांधलेले असत, त्यांच्या सह्यांवाचून कागद पुरा होत नसे, आणि मामलेदाराचा हिशेब पुण्यास रुजू होताना गावोगावच्या देशमुख-देशपांड्यांच्या नोंदींशी तो ताडून पाहिला जाई. म्हणजे अंमल करणारा एक, नोंद ठेवणारा दुसरा, ताळा पाहणारा तिसरा, आणि तिघांचाही उगम वेगवेगळा, ही युक्ती ज्यांना व्यवस्थापनशास्त्राचे नावही ठाऊक नव्हते त्या कारकुनांस पुरती अवगत होती.

पण त्याच दप्तराची दुसरी बाजू पाहिल्याशिवाय हे पान उलटू नये. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात ‘दरबारखर्च’ नावाच्या बाबीची हकीकत आली आहे. दरबारातील मुत्सद्द्यांस व हिशेब तपासणाऱ्यांस मामलेदार जी रक्कम गुपचूप देत असे, ती कालांतराने इतकी ठरीव झाली की तिचा जमाखर्च उघडपणे लिहिला जाऊ लागला आणि इतर बाबींप्रमाणे तिचीही रीतसर तपासणी होऊ लागली. मग लाच म्हणून निराळे काही द्यावे लागतच असल्यामुळे रयतेवर आणखी एक वाढीव पट्टी बसली. त्याहूनही वाईट म्हणजे दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत महाल मक्त्याने देण्याची प्रथा बोकाळली, जो अधिक रक्कम बोलेल त्याच्या पदरात अंमल पडू लागला, आणि दरकदारांचे सारे लगाम सैल झाले. आजच्या टक्केवारीची चर्चा ज्या सहजतेने, जवळजवळ हवापाण्याच्या गप्पांप्रमाणे, सरकारी कचेऱ्यांच्या आवारात चालते ती ऐकली म्हणजे ‘दरबारखर्च’ हा शब्द इतिहासजमा झाला आहे असे म्हणवत नाही. आणि सचोटीचा सल्लागार नेमताना सर्वांत मोठी भीती हीच आहे की त्याचे शुल्क अंदाजपत्रकात एक ठरीव बाब म्हणून शिरेल, त्याचा दाखला हा कागदांच्या गठ्ठ्यातील आणखी एक कागद होईल, आणि मूळ व्यवहार पूर्ववत चालू राहील. जलजीवन मिशनमध्ये त्रयस्थ संस्थेच्या तपासणीवाचून देयक देऊ नये असा दंडक असूनही कामांच्या दर्जाबद्दल राज्यभर ओरड झालीच. तपासणारा शेवटी खात्यानेच निवडलेला व खात्याच्याच देयकाची वाट पाहणारा असला म्हणजे त्रयस्थपणा नावापुरता उरतो.

तेव्हा नेमणूक कोणी करावी, हाच कळीचा मुद्दा. १९७१ च्या कायद्याने लोकायुक्ताचे पद देशात सर्वप्रथम अस्तित्वात आणण्याचा मान महाराष्ट्राकडे जातो. सचोटी-साक्षीदारांची सूची त्या कार्यालयाने ठेवावी, आणि अमुक रकमेवरील प्रत्येक निविदेसाठी त्या सूचीतून चिठ्ठी काढून नाव निघावे. ते नाव त्या जिल्ह्यातले नसावे. सूचीत केवळ निवृत्त सनदी अधिकारी नकोत. स्थानिक निधी लेखापरीक्षेत आयुष्य घालविलेले लेखापरीक्षक, शासकीय तंत्रनिकेतनातील स्थापत्याचे अध्यापक, खाजगी व्यवसायातील सनदी लेखापाल, यांची त्यात भर असावी. त्यांचे मानधन निविदेच्या रकमेच्या टक्क्यांवर कदापि नसावे, कारण रक्कम फुगण्यात ज्याचा लाभ आहे त्याने फुगवटा शोधावा ही अपेक्षाच व्यर्थ. ते ठरावीक असावे, आणि राज्याच्या स्वतंत्र निधीतून, खरेदी करणाऱ्या खात्यास न विचारता अदा व्हावे. ज्या अहिल्याबाईंचे नाव या जिल्ह्यास दिले आणि ज्यांचे जन्मगाव चौंडी शेजारच्या जामखेड तालुक्यात आहे, त्यांच्या होळकर दरबारात खासगीचे व दौलतीचे हिशेब निरनिराळे ठेवीत. पाहणाऱ्याची थैली व पाहिल्या जाणाऱ्याची थैली निरनिराळी असावी ही मागणी त्याच जातीची आहे.

साक्षीदाराने बोलावयाचे दोनदाच : एकदा अंदाजपत्रक व अटी प्रसिद्ध होण्यापूर्वी, दुसऱ्यांदा कार्यारंभ आदेश निघण्यापूर्वी. त्याचे मत बंधनकारक करू नये, असे आम्हांस वाटते. निवडून आलेल्या संस्थांचा निर्णयाधिकार कोणा नेमलेल्या माणसाच्या हाती सोपविणे लोकशाहीस शोभत नाही, आणि जबाबदारी ढकलण्यास त्यातून नवे निमित्त मिळते. अधिकाऱ्याने त्याचे मत जरूर डावलावे. परंतु का डावलले ते स्वतःच्या सहीने लिहावे, आणि मत व उत्तर हे दोन्ही कागद निविदेबरोबर त्याच संकेतस्थळावर व तहसील कचेरीच्या फलकावर लागावेत. फलकाचा आग्रह आम्ही मुद्दाम धरतो. टँकरची खेप आली की नाही, आली तर भरलेली आली की अर्धी, हे लॉगबुकापेक्षा हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला अधिक अचूक ठाऊक असते. तिच्यापर्यंत कागद पोहोचला तर तपासणीचे निम्मे काम फुकटात होते.

याला सर्वांत जोरदार आक्षेप घेतला जाईल तो विलंबाचा. लोक तहानेने व्याकूळ झाले असता सल्लागाराच्या मताची वाट पाहत बसावे काय, असे विचारणारा प्रत्येक वेळी अप्रामाणिकच असतो असे नाही. तहसीलदाराच्या दालनात चाळीस गावांचे सरपंच येऊन बसले म्हणजे नियमपुस्तिका उघडण्याचे धैर्य भल्याभल्यांस होत नाही. परंतु आमच्या भागातील तातडी ही बहुतांशी आगाऊ कळलेली तातडी असते. टंचाई कृती आराखडा ऑक्टोबरापासून जूनपर्यंतच्या नऊ महिन्यांसाठी तीन टप्पे पाडून दरवर्षी तयार होतोच. पैसेवारी जाहीर झाली की कोणत्या गावांत टँकर लागणार हे चैत्राच्या कितीतरी आधी कागदावर आलेले असते. मग दर, अटी व पात्रता यांची निविदा दिवाळीच्या सुमारास स्वस्थचित्ताने का निघू नये? जी वस्तू लागणार हे सहा महिने आधी ठाऊक होते तिची निविदा अल्पमुदतीची काढावी लागते, आणि तिचे शुद्धिपत्रक सुट्टीच्या आदल्या सायंकाळी निघते, तेव्हा घाई ही निसर्गाने लादलेली नसून दप्तरात शिजविलेली असते. मार्चअखेरच्या खरेदीबद्दलही हेच. खरोखरच अकस्मात आलेले संकट, पूर असो वा साथ, त्याला अपवाद असावाच. तेथे साक्षीदाराने नंतर महिनाभरात मत द्यावे, एवढे पुरे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. त्यात फारसा दम नाही, म्हणून त्यावर शाई खर्च करीत नाही. तिसरा मात्र गंभीर आहे. सगळ्यांनाच ठाऊक असलेल्या वाटमारीत एका निवृत्त लेखापरीक्षकाच्या शेऱ्याने काय फरक पडणार? जलसंपदा खात्यात मुख्य अभियंता असलेल्या विजय पांढरे यांनी २०१२ साली आपल्याच खात्याच्या कारभाराविषयी पत्र लिहिले, त्याच वर्षीच्या राज्याच्या आर्थिक पाहणीत दहा वर्षांत सुमारे सत्तर हजार कोटी खर्चूनही सिंचनाखालील क्षेत्र जेमतेम ०.१ टक्क्याने वाढल्याचे आकडे आले, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. आणि इतके होऊनही कुकडीसारख्या प्रकल्पाच्या शेपटाकडील शेतकऱ्यास पाण्याची पाळी आजही अर्ज-विनंत्यांनीच मिळवावी लागते. निराशेस कारण आहे, हे खरे. परंतु पांढरे यांच्या पत्राने जी खळबळ माजली ती कशाने माजली हे लक्षात घ्यावे. त्या पत्रातील बरीचशी माहिती खात्यातील शेकडो जणांस होती. नवीन होते ते एवढेच की एका जबाबदार माणसाने ती सहीनिशी लिहिली. आपली आजची व्यवस्था असे लिहिणाऱ्यास एकाकी पाडते, त्याच्या धैर्यावर विसंबते. साक्षीदाराची योजना ही त्या लिहिण्यास नोकरीचा भाग बनविण्याची योजना आहे, म्हणजे लिहिण्यास धैर्य लागू नये, न लिहिण्यास मात्र कारण द्यावे लागावे.

यासाठी कायदा लागेल. तमिळनाडूने १९९८ साली निविदांच्या पारदर्शकतेचा कायदा केला, कर्नाटकाने त्याच सुमारास केला, राजस्थानने २०१२ साली केला; केंद्राने २०१२ मध्येच लोकसभेत मांडलेले सार्वजनिक खरेदीचे विधेयक ती लोकसभा विसर्जित होताच निकालात निघाले, आणि महाराष्ट्राचा कारभार अजून शासननिर्णयांवर चालला आहे. शासननिर्णय हा जो काढतो त्याच्याच हाती मोडण्याची मुभा ठेवतो. माहितीच्या अधिकाराचा राज्याचा कायदा अमलात आणण्यासाठी २००३ साली उपोषणास बसलेले अण्णा हजारे ज्या राळेगणसिद्धीचे, ते पारनेर तालुक्यातील गाव याच जिल्ह्यात आहे. त्या कायद्याने झालेला व्यवहार पाहण्याचा अधिकार आपणांस दिला, होऊ घातलेला व्यवहार पाहण्याचा अधिकार मात्र अजून मिळावयाचा आहे. विधिमंडळ कायदा करीपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. नगरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी नाशिकच्या विभागीय आयुक्तांकडे दुसऱ्या जिल्ह्यातील दोन लेखापरीक्षक व एक स्थापत्य अध्यापक मागावेत, येत्या ऑक्टोबरातील टंचाई आराखड्याबरोबर निघणाऱ्या टँकरच्या निविदेचा मसुदा त्यांच्यापुढे ठेवावा, आणि ते जे लिहितील ते कर्जत, जामखेड, श्रीगोंदे व पाथर्डी येथील तहसील कचेऱ्यांच्या फलकांवर लिफाफा उघडण्याच्या पंधरा दिवस आधी लावावे. एवढ्यास कोणाच्या नव्या मंजुरीची गरज पडेल असे आम्हांस वाटत नाही.